चित्र लोळतंय, पण सेट बंद करू नका

मागच्या महिन्यात या सदरात मी ओघात एक ओळ लिहून गेले. टीव्ही दुरुस्तीचं काम कमी झाल्यापासून मी जुनी इलेक्ट्रॉनिक खेळणी उघडते, त्यांच्यात मुद्दाम नको तिथे जोडण्या करते, आणि त्यातून जी वेडीवाकडी चित्रं नि आवाज येतात ते जपून ठेवते. याला सर्किट बेंडिंग म्हणतात, म्हणजे सर्किट वाकवणं. बिघाडातून आलेल्या चित्राला ग्लिच आर्ट म्हणतात. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की हे सदर सगळं त्यालाच देतेय. मिक्सर आणि इन्व्हर्टरवाल्यांनी एक महिना धीर धरावा, त्यांची उत्तरं लिहून तयार आहेत.

प्रश्न: ताई, मी नाशिकला चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माळ्यावर मामाचा जुना टीव्ही व्हिडिओ गेम सापडला, पिवळ्या कॅसेटसकट. चालू होतो. यातून ग्लिच चित्रं काढता येतील का? मला सोल्डरिंग येत नाही.

उत्तर: येतील, आणि पहिले दोन महिने सोल्डरिंगची गरजही पडणार नाही. तुझ्या हाती जे आलंय त्याहून चांगलं शिकायचं यंत्र मला माहीत नाही.

जपानमध्ये १९८३ साली फॅमिली कॉम्प्युटर नावाचा गेम निघाला. त्याच्या नकला नव्वदच्या दशकात आपल्याकडे गल्लोगल्ली आल्या. तुझ्या मामाचा बहुधा त्यातलाच. कॅसेटचं तोंड बघ. पुढून ३० आणि मागून ३० अशा ६० तांब्याच्या पट्ट्या दिसतील, एकीपासून दुसरी साधारण अडीच मिलिमीटरवर. या तोंडाच्या अर्ध्या लांबीत प्रोग्रामच्या तारा आहेत आणि उरलेल्या अर्ध्या लांबीत चित्राच्या. दोन्ही वेगवेगळ्या वाटेने जातात, आणि आपलं सगळं काम यावरच चालतं. प्रोग्रामला धक्का लावला तर गेम बंद पडतो. चित्राच्या तारांना धक्का लावला तर गेम बिनधास्त चालू राहतो, फक्त पडदा वेडा होतो.

आता हे कर. गेम बंद, एलिमिनेटर बोर्डातून काढलेला. कॅसेट बाहेर काढ. सेलोटेपची दोन मिलिमीटर रुंद पट्टी ब्लेडने काप आणि एकच तांब्याची पट्टी झाक. कॅसेट लाव, चालू कर. काळा किंवा एकरंगी पडदा आला तर तू प्रोग्रामच्या बाजूला आहेस, पलीकडे सरक. एका वेळी एकच पट्टी झाकायची आणि दर वेळी वीज बंद करायची.

माझ्या टेबलावर काय झालं ते सांगते. त्या पडद्यावर चित्र म्हणजे आडव्या ओळीत ३२ आणि उभ्या ओळीत ३० अशा फरश्या बसवलेल्या असतात. एक फरशी आठ बाय आठ ठिपक्यांची. मारिओच्या मूळ गेममध्ये अशा फक्त ५१२ फरश्या आहेत, सगळं जग त्यातच. कुठली फरशी उचलायची हा पत्ता काही तारांवरून जातो. त्यातली एक तार मी झाकली, जी फरशीच्या क्रमांकाचा शेवटचा आकडा सम की विषम ते ठरवते. गेम सुरू झाला. वरच्या कोपऱ्यात मारिओचं नाव होतं, पण इंग्रजी आर च्या जागी क्यू. टाइम या शब्दातला टी गेला होता, तिथे एस. मी चष्मा पुसला. मग घड्याळाचे आकडे उतरायला लागले तेव्हा कळलं. आठ, आठ, सहा, सहा, चार, चार. विषम आकडा येतच नव्हता. प्रत्येक विषम फरशीच्या जागी तिच्या आधीची सम फरशी येत होती. आर च्या आधी क्यू, टी च्या आधी एस. अक्षरं ज्या क्रमाने चिपमध्ये ठेवली होती तो क्रम मला पडद्यावर वाचता आला, चिप न उघडता. थोड्या वेळाने पंखा लावला तर चित्र पुन्हा बदललं, कारण झाकलेली तार लोंबकळती, म्हणजे कशालाच न जोडलेली, राहते आणि आसपासच्या विजेनेही हलते. हात जवळ नेला तरी हलते. करून बघ.

आणि एक गोष्ट मुद्दाम बघ. आकाशातला ढग फाटेल तेव्हा जमिनीवरच्या झुडपाकडे नजर टाक. झुडूपही अगदी तसंच, त्याच जागी फाटलेलं असेल. कारण त्या गेममध्ये ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, रंग तेवढा वेगळा दिलाय. प्रोग्राम आणि चित्रं मिळून सगळा गेम ४० किलोबाइटमध्ये बसवायचा होता, तिथे झुडपाला वेगळी जागा कुठून देणार? आमच्या गल्लीतल्या पोरांनी वर्षानुवर्षं तो गेम खेळला, मी त्यांचे किती कंट्रोलर दुरुस्त करून दिले, आणि हे आमच्यापैकी एकालाही दिसलं नव्हतं. मला दिसायला चित्र मोडावं लागलं. मी या कामात गुंतले ती त्या संध्याकाळी.

झाकणं सुरक्षित आहे, जोडणं नाही. त्याच तोंडावर पाच व्होल्ट आणि ग्राउंडच्या पट्ट्याही आहेत. त्या एकमेकींना लागल्या तर गेम कायमचा जाईल. पुढे दोन तारा जोडाव्याशा वाटल्या तर आधी मल्टिमीटर शीक, आणि थेट तार न लावता मध्ये एक किलोओहमचा रजिस्टन्स घाल. एलिमिनेटर तेवढा नवा घे, पण जुन्याचेच व्होल्ट आणि प्लस-मायनस जुळवून. जुन्याची वायर कडक होऊन तडकलेली असते.

फोटो काढताना कॅमेऱ्याचा शटर १/२५ सेकंद किंवा त्याहून सावकाश ठेव. आपला पडदा सेकंदाला ५० वेळा रंगतो, त्याहून जलद शटर मारलास तर चित्रात काळा पट्टा येईल आणि तुला वाटेल तोही ग्लिच आहे.

प्रश्न: माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. तुमचा लेख वाचून त्याने घरातला बंद पडलेला डिजिटल कॅमेरा उघडायला घेतला. उत्साह मोडवत नाही, पण भीती वाटते. काय करू? (एक पालक, जळगाव)

उत्तर: कॅमेरा आत्ता, हे वाचतानाच, त्याच्या हातून काढून घ्या. बाकीचं नंतर बोलू.

फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात एक कंडेन्सर असतो, करंगळीएवढा, आणि त्यात तीनशे व्होल्टच्या आसपास भरलेले असतात. बॅटरी काढली म्हणून ते जात नाहीत. मी असाच एक छोटा कॅमेरा उघडला होता, कित्येक दिवस ड्रॉवरमध्ये पडून असलेला. स्क्रू ड्रायव्हर निसटला आणि फटाका फुटावा तसा आवाज झाला. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला तांदळाएवढा खळगा पडला, तो मी अजून ठेवलाय. तिथे माझं बोट असतं तर? तीस वर्षं टीव्हीच्या आत हात घालणारी बाई मी, आणि त्या दिवशी अर्धा तास खुर्चीतून उठले नाही.

मुलासाठी नियम अगदी थोडे आहेत, पण त्यांत सूट नाही. जे पेन्सिल सेलवर चालतं तेवढंच उघडायचं. बोलकी खेळणी, सेलवरचा छोटा कीबोर्ड, गाणारी ग्रीटिंग कार्डं. भिंतीतल्या प्लगवर चालणारं काहीही नाही. फ्लॅशचा कॅमेरा नाही. टीव्हीच्या मागचं झाकण कधीच नाही, कारण रंगीत पिक्चर ट्यूबवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि सेट बंद केल्यावरही ट्यूब ते धरून बसते. मोबाइलची फुगलेली बॅटरी नाही. आणि सेल गळलेले असतील तर ती पांढरी पावडर हाताने खरवडायची नाही.

एवढं पाळलं तर त्याला करू द्या. सेलवरचा कीबोर्ड उघडला की एखादा स्वर दाबून ठेवायला सांगा आणि दुसऱ्या हाताचं ओलं बोट सर्किटच्या मागच्या बाजूने फिरवायला सांगा. कुठेतरी स्वर घसरेल, मोटरसायकल गिअर टाकते तसा. तिथेच क्लॉकचा, म्हणजे सर्किटला ठेका देणाऱ्या भागाचा, रजिस्टन्स असतो, ज्यावर सगळ्या कीबोर्डचा वेग ठरतो. मुलाचं अंगच त्या सर्किटचा भाग झालेलं असतं. तेरा वर्षांच्या मुलाला यापेक्षा मोठी गंमत मी देऊ शकत नाही. पहिले काही दिवस तुम्ही शेजारी बसा.

प्रश्न: मी बार्शीला चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त केले. स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आपण बिघडलेलं नीट करणारी माणसं. तुम्ही चांगल्या वस्तूत बिघाड करायला शिकवता आणि त्याला कला म्हणता. हे मनाला पटत नाही.

उत्तर: दादा, राग कसला? तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. माझे वडील असते तर त्यांनीही हेच लिहिलं असतं. कराडात त्यांच्या दुकानात मी १९८६ साली पहिल्यांदा टेबलाला बसले. ते म्हणायचे, गिऱ्हाईक काय सांगतं ते ऐक, पण चित्र काय सांगतं ते बघ. गिऱ्हाईक म्हणायचं, चित्र लोळतंय, चित्र पळतंय, मुंग्या आल्यात. आपण चित्र बघायचो. चित्र तिरप्या रेघांत फाटतंय, हॉरिझॉन्टल होल्ड बघा. कडा नागमोडी झाल्या, फिल्टर कंडेन्सर सुकला. नुसती एक आडवी पांढरी रेघ, मग व्हर्टिकल, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारं सर्किट, गेलं, आधी तिथला ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला सांधा, तपासा. दादा, हे तुम्हाला झोपेत विचारलं तरी येईल. तुम्ही आणि मी जन्मभर ग्लिचच वाचत आलो. फक्त वाचून झालं की पुसून टाकत होतो.

ती आडवी रेघ घ्या. नाम जून पाइक नावाचे कोरियात जन्मलेले कलाकार होते. मार्च १९६३ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या वुप्पर्टाल गावी एका गॅलरीत जुने टीव्ही सेट मांडले, प्रत्येकाच्या आत काही ना काही बदल केलेला. त्यातला एक सेट वाहतुकीत बिघडला आणि त्याच्यावर नुसती रेघ उरली. आपल्याकडे आला असता तर आपण व्हर्टिकल दुरुस्त करून, पैसे घेऊन परत दिला असता. पाइकनी सेट कुशीवर उभा केला. रेघ उभी झाली, आणि लोक तिच्यासमोर उभं राहून तिच्याकडे बघत राहिले. बिघाड तोच, आपण शेकडो वेळा पाहिलेला. मी तो फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला माझी सगळी पुसलेली चित्रं आठवली.

सर्किट बेंडिंग हे नाव रीड गझाला या अमेरिकन माणसाने १९९२ साली दिलं, पण त्याला ते सापडलं होतं साठच्या दशकात, पोरवयात, आणि तेही अपघाताने. सेलवरचा छोटा ॲम्प्लिफायर, मागचं झाकण नसलेला, टेबलाच्या ड्रॉवरमध्ये चालू राहिला, लोखंडाला लागून शॉर्ट झाला आणि ड्रॉवरमधून कधी न ऐकलेले आवाज यायला लागले. तुमच्या-माझ्या दुकानात असं झालं असतं तर आपण हळहळून ॲम्प्लिफायर बंद केला असता. त्याने विचार केला, चुकून असं होतं तर ठरवून केलं तर काय होईल?

एका बाबतीत मात्र तुम्ही पूर्ण बरोबर आहात. चालणारी, कुणाच्या उपयोगाची वस्तू मी वाकवत नाही आणि कुणी वाकवली तर मला वाईट वाटतं. चालू स्थितीतला व्हॉल्व्ह रेडिओ या नादात कुणी उघडला तर मी भांडेन. मी घेते ते पुण्याच्या जुन्या बाजारात किलोवर जाणारं, किंवा गिऱ्हाईक "ताई, तुम्हीच टाकून द्या" म्हणून सोडून गेलेलं. बार्शीहून कराडला येणं झालं तर टेबलाला दुसरी खुर्ची आहे. तुमच्यासारखं चित्र वाचणारा माणूस मला हवाच आहे.

प्रश्न: टीव्हीला लोहचुंबक लावून चित्र वाकवता येतं म्हणतात. घरच्या जुन्या रंगीत टीव्हीवर करू का?

उत्तर: नको. पाइकनी १९६५ साली मोठा चुंबक ठेवला तो कृष्णधवल सेटवर. तिथे चुंबक उचलला की चित्र सरळ होतं. रंगीत ट्यूबच्या आत बारीक भोकांची लोखंडी जाळी असते, ती चुंबकत्व धरून ठेवते आणि पडद्यावर हिरवे-जांभळे डाग राहतात. ते काढायला डिगॉसिंग कॉइल लागते, आणि ती फिरवणारी माणसं आता शोधावी लागतात. एलसीडीवर तर काहीच होणार नाही.

प्रश्न: मोबाइलवर ग्लिचचं ॲप आहे, एका टिचकीत होतं. मग एवढा खटाटोप का?

उत्तर: ॲप तुमच्या फोटोवर दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेला बिघाड चिकटवतं. तुमच्या फोटोत तो नव्हताच. ढग आणि झुडूप एकच आहे हे कुठलं ॲप तुम्हाला सांगणार? तारा नको असतील तर कॉम्प्युटरवर बीएमपी प्रकारच्या फाइलमध्ये साठवलेल्या फोटोची प्रत आवाजाच्या प्रोग्राममध्ये कच्ची फाइल म्हणून उघडा, सुरुवातीचा थोडा भाग सोडून मधल्या तुकड्याला एको द्या, पुन्हा बीएमपी म्हणून साठवा. निदान तिथे तुमच्याच चित्राचे आकडे हलतात. मला स्वतःला मात्र हाताला सर्किट लागल्याशिवाय चैन पडत नाही.

प्रश्न: सोलापूरला आमचे जॅकार्डचे, म्हणजे नक्षी विणायचे, माग आहेत. अशी चित्रं चादरीत विणता येतील का? प्रश्न वेडगळ वाटला तर सोडून द्या.

उत्तर: वेडगळ अजिबात नाही, सगळ्या पत्रांत मला हाच प्रश्न सर्वांत आवडला. फिलिप स्टर्न्स या अमेरिकन कलाकाराने २०१२ साली वर्षभर रोज एक ग्लिच चित्र लोकांसमोर ठेवलं, आणि बिघडवलेल्या कॅमेऱ्यांची चित्रं पुढे कापडात विणून घेतली. जॅकार्डमध्ये ताण्याचा, म्हणजे उभा, प्रत्येक धागा वर की खाली एवढंच ठरवायचं असतं, आणि आपल्या गेमच्या फरशीतही प्रत्येक ठिपक्याला चारच रंगांचा पर्याय असतो. दोघांचं गणित जवळचं आहे. त्या पडद्याचे ठिपके २५६ आडवे आणि २४० उभे. तुमच्या मागावर रुंदीला किती धागे स्वतंत्र उचलता येतात ते मला कळवा. दोन-तीन रंगांत बसेल असं चित्र मी निवडून पाठवते. चादर झाली तर पहिली मी विकत घेणार.

प्रश्न: मावशी, मी चिपळूणला नववीत आहे. माझ्या बोलक्या खेळण्यातून काल एक मस्त आवाज आला, पण आज तसाच करायला गेले तर येतच नाही. काय चुकलं?

उत्तर: काहीच चुकलं नाही, फक्त तू लिहून ठेवलं नाहीस. सेल उतरले की आवाज बदलतो, हवा दमट झाली की बदलतो, आणि चिपळूणच्या पावसात तर तो दिवसातून चारदा बदलेल. आधी सेल नवे घाल आणि काल तारेची क्लिप सर्किटवर कुठे लावली होतीस ते आठव. त्याजागी मार्करने ठिपका दे. आजपासून एक वही कर. एकदा आलेला बिघाड पुन्हा आणता आला की ते खेळणं तुझं वाद्य झालं. तोवर ते नुसतं बिघडलेलं आहे.

माझ्या वहीतलं एक पान उतरवून देते, तसंच लिहीत जा:

"कॅसेट पिवळी, लेबल फाटलेलं. चित्राच्या बाजूची एक पट्टी झाकली, टेप दोन पदरी. पाऊस. पंखा बंद. आर चा क्यू झाला. घड्याळ फक्त सम. पाचव्या मिनिटाला पंखा लावला, सगळी अक्षरं एकने पुढे गेली. पंखा बंद केला, परत आली. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा आली."